जुन्या जीपला उजेड हवाय? आधी वायर बघा

पावसाळ्यात गोव्यात साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढणाऱ्या कुठल्याही जुन्या जीपवाल्याला विचारा, तक्रार एकच. हेडलाइट लावलाय की नाही तेच कळत नाही. ओलं डांबर आहे नाही तेवढा उजेड गिळतं, वळणावर धुकं बसलेलं असतं, समोरून ट्रक येतो, आणि कडेला गवा उभा असेल तर तोही काळाकुट्ट. मग म्हापशाला किंवा फोंड्याला ॲक्सेसरीच्या दुकानात चौकशी होते. तिथलं उत्तर तयारच असतं: एलईडी घालूया.

एलईडी वाईट नाही, त्याच्याकडे येऊच. पण महिंद्राची एमएम ५४०, मेजर, मारुतीची जिप्सी अशा गाड्यांत उजेड कमी पडतो तो बहुतेक वेळा दिव्यामुळे नव्हे, दिव्यापर्यंत पोचणाऱ्या विजेमुळे. बॅटरीत आहे तेवढा दाब, म्हणजे व्होल्टेज, बल्बाला मिळतच नाही. तो मिळवून दिला की त्याच जुन्या बल्बातून असा उजेड पडतो की मालकाला वाटतं मेस्त्रीने गुपचूप बल्ब बदलला. खर्चही एलईडीच्या चांगल्या जोडीपुढे किरकोळ.

या गाड्यांचा हेडलाइट म्हणजे सात इंची गोल दिवा. अमेरिकेत १९४० च्या सुमारास हा आकार ठरला, तो जीपबरोबर जगभर गेला आणि आजही सहज मिळतो. सुरुवातीचे दिवे ‘सील्ड बीम’ होते: फिलामेंट (तापून उजळणारी तार), रिफ्लेक्टर (उजेड पुढे फेकणारा आरसा) आणि काच सगळं एकाच बंद भांड्यात. फिलामेंट तुटली की अख्खा दिवा फेकायचा. नंतर बल्ब वेगळा काढता येईल असे दिवे आले, आणि १९७१ पासून एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब रुळला. अप्पर (लांबचा उजेड) आणि डिप (खाली झुकलेला, जवळचा) दोन्ही फिलामेंट एकाच बल्बात, अप्परला ६० वॅट, डिपला ५५. तुमच्या गाडीत अजून सील्ड बीम असेल तर पहिल्यांदा एच-४ ची काच आणि रिफ्लेक्टर घ्या. आकार तोच, बसतोही तिथेच.

वीज कुठे गळते

डिपचे दोन बल्ब मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. एवढा प्रवाह जुन्या जीपमध्ये बॅटरीकडून डॅशबोर्डवरच्या स्विचला जातो, तिथून अप्पर-डिप बदलणाऱ्या डिपरला (कित्येक गाड्यांत तो पायाशी, क्लचच्या डावीकडे असतो, आणि बुटाचा सगळा चिखल खातो), तिथून परत पुढे बॉनेटखालून दिव्यांना. वायर लांब, कंपनीने काटकसरीने घातलेली, तीस वर्षं उकडलेली. वाटेत वायरी जोडणारे चार-पाच कपलर. प्रत्येक जोडावर थोडा थोडा अडथळा. सगळा मिळून ०.२ ओहम झाला, तरी ९ अँपिअरला तो १.८ व्होल्ट खातो.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पंप कितीही दमदार असला तरी पाइप जुना आणि चार ठिकाणी दबलेला असेल, तर शेवटच्या पोफळीला धार नाही, ठिबक मिळते. तसंच हे.

दीड-दोन व्होल्टने काय होतंय, असं वाटेल. इथेच हॅलोजन बल्बाचा खोडसाळपणा आहे. त्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने होतो, साधारण ३.४ व्या घाताने. व्होल्टेज ५ टक्के घटलं तर उजेड १६ टक्के घटतो, १० टक्के घटलं तर ३० टक्के. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बाच्या होल्डरवर ११.५ मिळत असतील, तर बल्ब आपल्या ताकदीच्या जेमतेम निम्म्यावर जळतोय. वर तो पिवळसरही दिसतो. म्हणून माणसाला वाटतं बल्ब जुना झाला, आणि तो दुकानाची वाट धरतो.

हे तपासायला मेस्त्री लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, डिप लावा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर आकडा घ्या. मग हेडलाइटची रिंग सोडवून दिवा पुढे ओढा. मागे तीन पायांचा होल्डर दिसेल, आणि बरेचदा तिथेच अर्धं उत्तर मिळतं: पांढरं प्लास्टिक एका पायापाशी चहाच्या रंगाचं झालेलं, कधी वितळून वाकलेलं, आणि वायरच्या टोकाशी तांब्यावर हिरवा थर. आपल्या खाऱ्या हवेत हा हिरवा थर चढायला वेळ लागत नाही, किनाऱ्यालगतच्या गाड्यांत तर नाहीच. होल्डर बल्बावरच ठेवून, दिवा पेटलेला असताना, मागच्या बाजूने मीटरच्या सुया लावा. होल्डर काढून मोजलं तर आकडा छान येईल आणि फसवेल, कारण प्रवाहच वाहत नसताना दाब पडत नाही. बॅटरी आणि होल्डर यांच्यातला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर तुमची वायरिंग चांगली आहे, रिलेचा भाग सोडून पुढे वाचा. फरक एक व्होल्टच्या वर असेल तर एलईडीचा विचार थोडा बाजूला ठेवा.

आणखी एक मोजणी करा. मीटरची एक सुई होल्डरच्या अर्थिंगच्या (वीज परत नेणाऱ्या) पायावर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. दिवा पेटलेला असताना इथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा-पाऊण व्होल्ट आला तर चोर परतीच्या वाटेवर आहे. जीपमध्ये हेडलाइटचं अर्थिंग बहुधा मडगार्डच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेलं असतं. पत्र्यावर रंग, रंगाखाली गंज, आणि त्यावर भरवसा ठेवून बसलेला स्क्रू. नवी काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली की प्रश्न संपतो.

रिले म्हणजे काय

वाटेत गळणाऱ्या विजेवर उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेवर चालणारा स्विच. आत एक छोटी कॉइल असते. तिला थोडीशी वीज मिळाली की ती चुंबक होते आणि मोठा स्विच ओढून चालू करते. म्हणजे डॅशबोर्डच्या जुन्या स्विचने आता ९ अँपिअर वाहायचे नाहीत. त्याने फक्त कॉइलला इशारा द्यायचा, त्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. खरा प्रवाह बॅटरीकडून जाड, आखूड वायरने सरळ दिव्यांना जातो. स्विच आणि डिपरही त्यामुळे जास्त टिकतात.

चार पायांच्या साध्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइलची दोन टोकं. अप्परला एक आणि डिपला एक, असे दोन रिले. जुना होल्डर दिव्यातून निघतो आणि रिलेच्या कॉइलला इशारा देण्याच्या कामाला लागतो. म्हणजे गाडीची मूळ वायरिंग कुठेही कापायची गरज नाही. तयार हार्नेसही, म्हणजे वायर, रिले, होल्डर जोडलेला संच, मिळतो. तो घेताना वायरची जाडी विचारा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर दोन मीटर लांब असेल तर १० अँपिअरला जेमतेम ०.१४ व्होल्ट पडतो. स्वस्त हार्नेसमध्ये वरचं प्लास्टिक जाड आणि आत तांबं चार केसांइतकं, असला प्रकार सर्रास असतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. ही वायर आता स्विचवरून जात नाही, चोवीस तास जिवंत आहे. कुठे घासून पत्र्याला लागली तर मधे फ्यूज नसेल तर ती स्वतःच पेटते. प्रत्येक रिलेला १५ किंवा २० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घाला. दोन्हींना मिळून एकच घातला आणि तो घाटात उडाला तर अप्परही गेला आणि डिपही.

रिले बसवायची जागा मेस्त्री स्वतःच्या सोयीने ठरवतो, ती तुम्ही ठरवा. मडगार्डच्या आतल्या बाजूला, जितकं वर जमेल तितकं, आणि पाय खाली तोंड करून, म्हणजे पाणी शिरलं तरी निथळून जाईल. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा ओढ्यांतून जातात, त्यांच्या बॉनेटखाली डोकावलं तर हे शहाणपण दिसतं. जोडांना ग्रीस लावा.

एक सावधगिरी. काही गाड्यांत, जुन्या टोयोटा लँड क्रूझरसारख्या, हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्हच्या बाजूला नसून निगेटिव्हच्या बाजूला असतो. तिथे साधा हार्नेस चालत नाही. दिवा बंद असतानाही होल्डरच्या पायावर १२ व्होल्ट दिसले तर समजा हा तो प्रकार. लष्कराच्या लिलावातून आलेल्या काही गाड्या २४ व्होल्टच्या असतात, आणि महायुद्धकाळातली विलीज कुणाकडे जपून ठेवलेली असेल तर ती मुळात ६ व्होल्टची. आधी मोजा, मग विकत घ्या.

आणि रिले आहेच तर ९०/१०० वॅटचे बल्ब घालू, हा मोह टाळा. दोन्ही अप्पर मिळून १६-१७ अँपिअर, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, जुन्या डायनामोची दमछाक होते, आणि रस्त्यावर ते बेकायदा आहेत. इतकं करून शंभर वॅटचा बल्ब कमी व्होल्टेजवर पिवळाच जळताना मी पाहिला आहे.

काच, रिफ्लेक्टर आणि डावी-उजवी

रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा असतो. काळवंडला, फोड आले, तर तो पुसून परत येत नाही. फडक्याने घासला तर उरलेलाही जातो. नवा आणा. महाग नसतो.

नवा आणताना मात्र एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. डिपचा उजेड दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिपची वरची कड उजवीकडे खाली सपाट राहते, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आणि डावीकडे ती वर चढते, कडेने चालणारी माणसं, सायकलवाला, पावसात डांबरावर ठाण मांडून बसलेली गुरं दिसावीत म्हणून. अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात हे सगळं उलट. तिथल्या जीप रँग्लरसाठी बनलेले सात इंची एलईडी दिवे आपल्याकडे ऑनलाइन धडाधड विकले जातात, आणि ते लावले की उजेडाची चढती बाजू बरोबर समोरच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर. आपल्याला ‘काय भारी दिसतंय’, आणि त्या बिचाऱ्याला काहीच नाही.

ओळखायचं कसं? युरोपीय मान्यतेच्या दिव्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि देशाचा आकडा असतो, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. त्याच्याजवळ बाण बघा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण आपल्या उजव्या हाताला असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी, म्हणजे आपल्यासाठी. दोन्हीकडे बाण असतील तर दोन्हीकडे चालतो. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्यांचा. फक्त अमेरिकी शिक्का असेल तरी तेच. खोटे शिक्केही छापतात, म्हणून शेवटचा निवाडा भिंतीवर.

आता एलईडी

दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. एक म्हणजे जुन्या एच-४ च्या जागी बसणारा एलईडी बल्ब. दुसरी म्हणजे काच, रिफ्लेक्टर, चिप सगळं एकत्र असलेला पूर्ण सात इंची एलईडी दिवा.

पहिल्याच्या मी विरोधात आहे. एच-४ चा रिफ्लेक्टर काही मिलिमीटरच्या फिलामेंटच्या नेमक्या जागेभोवती आखलेला असतो. डिपच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती उजेड खाली जाऊ देत नाही. तो फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर पडून रस्त्याकडे झुकतो. एलईडी बल्बात चिपा पातळ पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या. जागा केसभर चुकली किंवा पट्टी जाड निघाली की उजेडाची कड विस्कटते. एकूण उजेड खूप, पण निम्मा झाडांच्या शेंड्यांत आणि समोरच्याच्या डोळ्यांत. गाडीजवळचा रस्ता पांढराशुभ्र होतो, त्यामुळे आपले डोळे बाहुली आक्रसून बसतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. शिवाय या बल्बांना मागे छोटा पंखा असतो. डिचोली-सांगेच्या लाल धुळीत आणि ओढ्याच्या पाण्यात तो किती टिकणार?

पूर्ण दिवा ही वेगळी गोष्ट. त्याचं भिंग आणि चिप एकमेकांसाठीच बनलेली असतात. चांगला घेतला तर उजेडाची कड सुरीने कापल्यासारखी येते, ३०-३५ वॅटमध्ये काम भागतं, डायनामोला उसंत मिळते, आणि व्होल्टेज थोडं पडलं तरी आतलं सर्किट उजेड कायम राखतं. जलरोधकतेचा आयपी ६७ शिक्का बघा: धूळ आत जात नाही, आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी पाणी शिरत नाही. खोक्यावर २०,००० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) लिहिलं असेल तर हसा आणि पुढे चला. एलईडी एका वॅटमागे ढोबळमानाने शंभरेक ल्युमेन देतो. ३० वॅटला तीन-साडेतीन हजार होतात, वीस हजार नाही. तुलनेसाठी, एच-४ चा डिप सुमारे एक हजार ल्युमेनचा आणि अप्पर साडेसोळाशेचा असतो.

एलईडीची एक खोड आपल्या हवेत जाणवते. हॅलोजनची काच तापते, म्हणून आत आलेलं दव सुकतं. एलईडीची उष्णता मागे जाते, पुढची काच थंडच राहते, आणि जुलैत आतून धुरकटलेला दिवा दिवसच्या दिवस तसाच राहतो. सीलबंदी चांगली नसेल तर तक्रारीला सुरुवात इथूनच होते.

कायद्याचंही बोलून टाकू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रिलेमध्ये दिवा तोच आणि वॅट तेच राहतात, हाही त्याच्या बाजूने एक मुद्दा.

भिंतीसमोर

दिवा कोणताही असो, कोन चुकला तर सगळं फुकट. आणि जुन्या जीपांत तो चुकलेलाच असतो, कारण मधल्या काळात कोणीतरी स्प्रिंगचे पाटे बदललेत, मोठे टायर घातलेत, पुढचं नाक वर आलंय.

सपाट अंगण आणि समोर पांढरी भिंत शोधा. देवळाचं आवार, शाळेचं पटांगण, चॅपेलसमोरची जागा, विचारून. टायरची हवा नेहमीची, चालकाच्या जागी एक माणूस बसलेला. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा आणि भिंतीवर त्या उंचीला खडूने आडवी रेघ मारा. गाडी १० मीटर मागे घ्या. डिप लावल्यावर उजेडाची सपाट कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. जीपचा दिवा मुळात उंच असतो, वरून उचललेली असेल तर अधिकच. तेव्हा १५ सेंटिमीटर खाली ठेवा. ९० सेंटिमीटर उंचीचा दिवा या हिशेबाने ६० मीटरवर जमिनीला टेकतो. एका वेळी एकच दिवा बघा, दुसऱ्यावर गोणपाट टाका. रिंगच्या आत दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवीकडे. ते गंजून बसलेले असतात, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. आणि चढती बाजू डावीकडे आहे ना, ते इथेच बघून घ्या.

साठ मीटर पुरतात का? ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. गवा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर, ड्रम ब्रेक आणि चिखलाचे टायर धरून, थांबायला आणखी ३५ मीटर. झाले साठ. म्हणजे डिपवर साठच्या वर जाणं हे आपल्याला न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालणं आहे. दुप्पट लांब दिसायला चौपट तीव्र उजेड लागतो, तेव्हा नुसते दिवे वाढवून हा हिशेब सहज फिरत नाही.

धुक्यासाठी पिवळे दिवे लावावेत असं सगळे सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने अवाढव्य असतात, ते पिवळा आणि पांढरा दोन्ही जवळजवळ सारखेच उधळतात. फरक पडतो तो दिवा किती खाली आहे आणि त्याची वरची कड किती स्वच्छ आहे यावर. बंपरखाली लावलेले, रुंद आणि सपाट पसरणारे फॉग लॅम्प चोर्ल्यात उपयोगी पडतात. टपावरची लाइट बार, म्हणजे दिव्यांची लांब पट्टी, धुक्यात भिंत उभी करते, आणि कोरड्या रात्रीसुद्धा जीपच्या सपाट बॉनेटवर आपटून आपल्याच डोळ्यांत येते. रस्त्यावर तिच्यावर झाकण ठेवा. अभयारण्यात रात्री गाडी घालायची परवानगी नसतेच, त्यामुळे ती बार नेमकी कुठे लावायची हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. ते पैसे पुढच्या काचेवर घाला. जीपची काच सपाट आणि उभी, त्यात वर्षानुवर्षं लाल धुळीवर कोरडे वायपर फिरलेले. समोरचा दिवा पडला की त्या ओरखड्यांचं जाळं पेटतं. नवी काच आणि नवे वायपर रबर घातले की निम्मी झगमग जाते.